कांद्याच्या रंगाची लोकर

उंदरीण एकविसाव्या दिवशी विते. दुसऱ्यांकडे एखादा दिवस मागेपुढे होत असेल, माझ्या गच्चीवर होत नाही. पांढऱ्या चीजचे पत्र्याचे चौकोनी डबे आहेत, अकरा. तळाला लाकडाचा भुसा, तोंडाला बारीक जाळी, जाळीवर वीट. एका डब्यात एक नर आणि तीन माद्या. खायला कोंडा, शिळी रोटी, मूठभर बरसीम गवत. पाणी कमी पडलं तर आई स्वतःची पिल्लं खाते, म्हणून पाणी दोनदा. वेत झाल्यावर तीन दिवस हात घालायचा नाही. घरट्यासाठी जुन्या पोत्याचा तुकडा टाकायचा, बाकीचं त्या दातांनी पिंजून घेतात. आयांना शिकवावं लागत नाही.

आमच्या अबू रवाश गावातल्या बायका मला मागून 'उंदरांची अम्मा' म्हणतात. समोर म्हणायची कुणाची छाती नाही. आमचं घर रिफाई, शेख रिफाईला मानणाऱ्या गारुड्यांचं. पुरुष साप धरतात आणि बायका सापांना जगवतात, पण नाव होतं ते पुरुषांचं. गळ्यात साप घालून ते फोटोला उभे राहतात. त्या सापाच्या पोटात जे असतं ते माझ्या हातचं असतं.

साप धरण्याआधी आमच्यात त्याला मुदत सांगतात. बिळापुढं बसून, शेखचं नाव घेऊन, मोठ्यानं सांगायचं की अमुक दिवसापर्यंत माझ्याकडे राहशील, उपाशी राहणार नाहीस, मुदत संपली की इथंच आणून सोडीन. मग साप बाहेर येतो. ज्यानं शब्द दिला त्यानंच सोडायचं. तो मेला असेल तर घरच्यांनी त्याच बिळापाशी जाऊन सापाला सांगायचं, बोलणारा मेला. मग साप मोकळा. आणि शब्दात अडकलेला साप घरात उपाशी राहिला, तर ते त्या घरातल्या सगळ्यात लहान जिवावर येतं. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. खरं की खोटं, ते बघायची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती.

माझा मुलगा शहाता. त्याच्याआधी मला तीन झाली, एकानंही चाळिसावा दिवस पाहिला नाही. चौथ्या वेळी सासूनं सांगितलं तसं केलं. पोराला फडक्यात गुंडाळून सात दारांना गेले आणि दर दारात हात पसरून म्हणाले, भीक घाला, याच्या अंगड्यासाठी. नावही तेच ठेवलं, शहाता, म्हणजे मागून आणलेला. मागून आणलेल्याकडे मृत्यू बघत नाही म्हणतात. आयुष्यात मी तेवढाच एकदा हात पसरला. पोर जगलं.

मागच्या शम्म अन्-नसीमला, वसंताच्या सणाला, शहातानं बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीतून अर्कम जातीचा एक साप काढला. वाळूच्या रंगाचा, पाठीवर काळसर ठिपके, विष नाही, लांबी माझ्या उंचीएवढी. पुढच्या शम्म अन्-नसीमपर्यंतची मुदत त्यानं दिली. साप खूप धरले त्यानं, पण याच्यावर जीव लावला. पुढच्या खोलीत काच लावलेली लाकडी पेटी केली, कुलूप घातलं.

"अम्मा, याला जरा भरलेला उंदीर दे. काल हाडकुळा दिलास."

"तुझ्या बायकोला तरी मी कधी निवडून वाढलं का?"

"नाही वाढलं," कौसर, माझी सून, चुलीपाशी बसून म्हणाली. "मला गळ्याचं हाडच येतं."

"बोलायला उपयोगी पडतं ते," मी म्हणाले. शहाता एवढा हसला की पेटीतल्या सापानं डोकं उचललं.

अम्शीर हा वाऱ्यांचा महिना. त्या महिन्यात तो तिघांबरोबर वाळवंटात, बहरियाच्या पलीकडे गेला. तिथं काळ्या वाळूचा मुलूख आहे, शिंगं असलेले साप मिळतात. थंडी होती. अंगात मी विणलेला स्वेटर होता. त्याची लोकर मी कांद्याच्या सालीत आणि डाळिंबाच्या टरफलात रंगवली होती, सणाची अंडी रंगवतो त्याच पातेल्यात. तसला रंग अख्ख्या गावात दुसऱ्या कुणाच्या अंगावर नव्हता. संध्याकाळपर्यंत येतो म्हणून तो सापाच्या मागावर एका टेकाडाआड गेला. मग वारा सुटला. बाकीच्या तिघांनी तीन दिवस शोधलं, मग पोलिसांनी शोधलं. चप्पलसुद्धा मिळाली नाही.

नवऱ्यामागं घरात मोठा माणूस म्हणजे माझा थोरला दीर, हाज्ज मितवल्ली. मला तो उम्म शहाता, म्हणजे शहाताची आई म्हणतो. तो गच्चीवर आला. मी डबे धूत होते.

"उम्म शहाता, चाळीस दिवस झाले. मय्यतीशिवायची नमाज पढून घेऊ."

"नमाज मेलेल्याची असते. माझ्या मुलाला उशीर झालाय."

"आणि सून? तेवीस वर्षांची आहे. ना नवऱ्याची, ना विधवा. तिनं काय करायचं?"

"तिनं स्वयंपाक करायचा. तुम्ही जेवून जा."

तो जेवला नाही.

शम्म अन्-नसीम आला. मी अंडी रंगवली, कांदे चिरले, खारवलेला मासा आणला, सगळं नेहमीसारखं. दुपारी मितवल्ली सापाची मुदत संपली म्हणून न्यायला आला. न्यायचं म्हणजे गिरणीपाशी जाऊन बोलणारा मेला असं म्हणायचं. मी किल्ली गळ्यात घातली.

"ज्यानं शब्द दिला तो येऊन सोडेल," मी म्हणाले.

"असं करू नये, उम्म शहाता. आपण रिफाई आहोत. शहाताची लहान पोर आहे घरात."

"तुम्ही फोटोला उभे राहता तेवढे रिफाई. मी सापांच्या दहा पिढ्यांना चारलंय."

बोलून गेले. लोकांना वाटतं माझ्या जिभेला हाड नाही. ते हाड त्या दिवशी माझ्या घशात अडकलं होतं, एवढंच.

*

दहा-बारा दिवसांनी चौथ्या डब्यातली एक मादी मी सापाला घातली. नराशी भांडून तिचा डावा कान फाटला होता, म्हणून लक्षात राहिली. सकाळी पेटीवर ऊन येतं तेव्हा घातली आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या सकाळी पेटीत उंदीर नव्हता. पण सापाच्या अंगात फुगवटाही नव्हता. उंदीर गिळला की दोन दिवस तो सापाच्या पोटावर दिसतो, आंधळ्यालाही हाताला लागतो. साप पट्ट्यासारखा सपाट पडला होता. मी सगळा भुसा उपसला. काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाणी घालायला गेले तर कानफाटकी चौथ्या डब्यात बसून तोंड पुसत होती.

जाळी जागेवर होती. वीट जागेवर होती. मी तिला शेपटीनं उचललं. पांढऱ्या केसांत काळी वाळू अडकली होती, तिळाएवढे दाणे. आमच्याकडची माती चुनखडीची, पांढरी. काळी वाळू इथं कुणी पाहिलेली नाही.

"कौसर! पेटी उघडलीस तू?"

"किल्ली तुमच्या गळ्यात आहे, अम्मा."

"मग हा उंदीर काय पायी आला?"

"उंदीर पायीच येतात," ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

कानफाटकी तेव्हा गाभण होती. एकविसाव्या दिवशी व्याली. मी तीन दिवस थांबले आणि चौथ्या दिवशी घरटं बाजूला केलं. पोत्याच्या तागात आठ गुलाबी पिल्लं होती आणि त्यांच्याखाली लोकरीची गुंडी. रंग कांद्याच्या सालीचा.

मी ती बोटांत धरून उन्हाकडे केली. माझा पीळ डावा असतो, सगळ्या बायकांचा उजवा. पीळ डावा होता. नाकाला लावली. डाळिंबाच्या टरफलाचा तुरट वास होता आणि त्याखाली शहाताच्या मानेचा, लहानपणी अंघोळीआधी यायचा तो.

गुंडी झग्यात छातीशी ठेवली आणि डब्यांना पाणी घातलं, अकराही.

खाली येऊन कपड्यांच्या पेट्या उघडल्या, गाद्या उसवल्या. स्वेटर घरात असायचं कारणच नव्हतं. तो अंगात घालून गेला होता.

मग दर आठवड्याला मी एक उंदीर पेटीत ठेवत गेले. साप आधी डोकं उचलायचा, जीभ काढायचा, मग ते डोकं पुन्हा वेटोळ्यावर ठेवायचा. मी बघत असेपर्यंत उंदीर त्याच्या अंगावर ऊब घेत बसलेला असायचा. चहाला गेले, परत आले की नसायचा. तिसऱ्या दिवशी आपल्या डब्यात. अंगावर काळी वाळू. पुढच्या घरट्यात लोकर, कधी चार बोटं, कधी हातभर. ती लोकर काढून घेताना उंदरांच्या आया माझ्या हाताला चावायच्या. मी चावू द्यायचे.

आता मी सापाला चारत नव्हते, निरोप धाडत होते. आयुष्यात एकदाच हात पसरला असं वर म्हणाले ना, ते खोटं झालं. त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी अकरा डब्यांपुढं हात पसरला. लोकरीचा गोळा करून उशीखाली ठेवला. विणणाऱ्या बाईला गोळ्याचं वजन हातात कळतं. पाठ झाली. पोट झालं. डावी बाही झाली.

सापाचा कणा वर यायला लागला होता. मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

*

मेसरा महिन्याच्या उकाड्यात वर्दानं खाणं सोडलं.

वर्दा म्हणजे शहाता आणि कौसरची मुलगी, तीन वर्षांची. आजीला, म्हणजे मला, तेता म्हणायची. आधी रोटी बाजूला केली, मग बाकल्याची उसळ, मग दुधातला भात, जो ती पातेलं चाटून खायची. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं. पंधरा दिवसांत पोरीच्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या. अंगाची लाही होत होती सगळ्यांच्या, आणि तिचे हात हौदातल्या पाण्यासारखे गार. दिवसभर गच्चीवर डब्यांशेजारी उन्हात बसायची.

एका दुपारी कौसर तिच्यापुढं वाटी घेऊन बसली होती. मी जिन्यात होते.

"एक घास. अम्मीसाठी."

"मी जेवले."

"कुठं जेवलीस ग? सकाळपासून काही नाही पोटात."

"बाबाकडे."

कौसरनं चमचा वाटीत ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत तिनं माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं, रागानं नाही, मी तिच्या दारात मागायला आलेली बाई असल्यासारखं.

मी पोरीला मांडीवर घेतलं. विचारायला नको होतं. विचारलं.

"बाबा काय करतो, वर्दा?"

"झोपलाय."

"बोलतो तुझ्याशी?"

"नाही. त्याला थंडी वाजते, तेता." ती डब्यांकडे बघत होती. "उंदीर त्याचा स्वेटर नेतात."

ऊन पाठीवर होतं. कबुतरं घुमत होती. मी उठले, खाली गेले आणि उशीखालचा गोळा काढला. हातात धरून वजन पाहिलं.

फक्त उजवी बाही राहिली होती.

तेवढीच त्याच्या अंगावर.

कानफाटकीला मी आदल्या दिवशीच पेटीत सोडलं होतं. ती गेली होती. अजून परतली नव्हती.

"कौसर," मी म्हणाले, "मितवल्लीला बोलाव. पोरीला घे."

*

गिरणीच्या भिंतीला सावली नव्हती. मितवल्लीनं पेटी बिळापुढं ठेवली, झाकण उघडलं. साप दोरीसारखा पडून होता.

मितवल्ली खाली बसला. शेखचं नाव घेतलं. "बोलणारा मेला," तो म्हणाला. "तू मोकळा."

साप हलला नाही.

त्यानं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. मग माझ्याकडे बघितलं नाही, जमिनीकडे बघत म्हणाला, "माझ्यानं होत नाही, उम्म शहाता. त्याला अडकवलंय ते तुझ्या शब्दानं, माझ्या नाही."

वर्दा आईच्या खांद्यावर मान टाकून होती. डोळे उघडे होते.

आमच्यात बाया सापाशी बोलत नाहीत. मी गुडघे टेकले. दोन्ही हात पसरले.

"माझं नाव गलीला," मी म्हणाले. "ज्यानं तुला शब्द दिला तो माझा मुलगा. सात दारांतून मागून आणला होता."

साप पडून होता.

"मी तुला उपाशी ठेवलं. त्याला उघडं केलं. पोरीला सोड."

सापानं जीभ काढली.

पुढचे दोन शब्द राहिले होते. अम्शीरपासून ते माझ्या तोंडात होते.

"शहाता मेला."

मागं कौसर रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तिला तोवर मी रडू दिलं नव्हतं.

साप उठला. पेटीच्या काठावरून उतरला, माझ्या उताण्या तळहातांवरून गेला. त्याचं अंग गार असायला हवं होतं. अंघोळीहून आलेल्या मुलासारखं कोमट होतं.

मी गोळा बिळाच्या तोंडाशी ठेवला. साप आत गेला, शेपटीपर्यंत. मग गोळा हलला. कुणी ओढल्यासारखा नाही, विणताना मांडीवरून सुटून गडगडतो तसा सावकाश आत गेला.

आम्ही थांबलो.

"तेता," वर्दा म्हणाली. "भूक लागली."

*

नमाज झाली. आम्ही दोघींनी काळे कपडे घातले. कौसरनं विधवेचे चार महिने दहा दिवस माझ्याच घरात काढले. मग तिचा भाऊ फयूमहून न्यायला आला. स्थळ आधीच पाहून ठेवलेलं होतं, चांगलं आहे, माणसाला स्वतःची बाग आहे. वर्दा तिच्याबरोबर गेली. गालांवर मांस चढलं होतं.

निघताना कौसरनं माझ्या खांद्यावर एक काळी लोकरीची शाल टाकली. तिनं स्वतः काठाला लाल दोऱ्याची एक ओळ भरली होती.

"थंडीत गच्चीवर बसू नका, अम्मा."

"मला शिकवू नको. त्या माणसाच्या चहात साखर कमी घाल, तुझ्या हाताला माप नाही."

"तुम्हीच शिकवलंय," ती म्हणाली आणि माझ्या हाताचं चुंबन घेऊन गाडीत बसली. मी गाडी वळेपर्यंत उभी होते. नंतरही होते.

डबे मी बंद केले नाहीत. मितवल्लीच्या सापांना लागतातच. घरट्यांत आता पोत्याचा ताग असतो, दुसरं काही नाही. कानफाटकी आली नाही. उंदीर दीड-दोन वर्षं जगतो, तिची वाट बघायची म्हणजे वेडेपणा. तरी चौथ्या डब्यातली तिची जागा मी भरली नव्हती.

आज अम्शीरची अकरावी. सकाळी पाणी घालायला गेले तेव्हा ती चौथ्या डब्यात बसली होती. जाळी जागेवर, वीट जागेवर. थकलेली, केस विरळ झालेले, कान तसाच. तिच्याखाली पाच पिल्लं होती. केस फुटायला लागले होते, म्हणजे चार-पाच दिवसांची. काल रात्री झाकण लावताना त्या डब्यात एकही पिल्लू नव्हतं.

मी तिला उचललं. अंगावर काळी वाळू नव्हती. पांढरी माती होती, चुनखडीची. गावात बाकी सगळीकडे ती पायाखाली दगडासारखी घट्ट असते. अशी भुसभुशीत फक्त टेकडीमागच्या कबरस्तानात मिळते, नुकतीच उकरल्यावर. या महिन्यात गावात कुणाचीच कबर खणलेली नाही.

घरटं मऊ होतं. काळ्या लोकरीचं. त्यात लाल दोऱ्याचे तुकडे होते.

मी शाल खांद्यावरून काढली आणि उन्हात धरली. काठापासून काठापर्यंत पाहिली, दोनदा. कुठंही भोक नव्हतं, अजून तरी.

लोकर मी काढली नाही. जाळी लावली, वर वीट ठेवली. वारा सुटला आहे आणि पिल्लं लहान आहेत.